फळीचं हरीण

मिर्नाने ते हरीण प्लायवूडच्या फळीतून कापलं होतं आणि घराला लावून उरलेल्या रंगांनी रंगवलं होतं. पाठ तपकिरी, पोट पांढरं, शिंगं काळी. तोंड मात्र थेट तिच्या पहिल्या नवऱ्यावर गेलं होतं.

"मुद्दाम केलंस," मी म्हणाले.

"माजावर आलेला नर दुसऱ्या नराला बघून चिडून अंगावर येतो, डेल्फा. हे तोंड बघून कोण चिडणार नाही?"

रेड डेझर्ट नावाच्या वाळवंटातला सरकारी माळ, शिकारीला सगळ्यांना खुला. सप्टेंबर लागला तरी ऊन भाजत होतं. आडोसा म्हणाल तर गुडघ्याएवढी झुडपं, आणि हरणाला मैलभरावरचं दिसतं. म्हणून मिर्ना फळी पुढे धरून, बंदूक ओढत, रांगत निघाली. मी तिच्या डाव्या अंगाला एका उंचवट्यावर दुर्बीण घेऊन पालथी पडले होते. साठी ओलांडलेली माझी थोरली बहीण रांगताना मागून कशी दिसते, हे मी तिला कधीही सांगणार नाही.

खरा नर मान वर करून फळीकडे बघत होता. मी सहज दुर्बीण समोरच्या टेकाडावर फिरवली, तर तिथे एक माणूस पडलेला. नारिंगी बंडी घातलेला. माळ सरकारी, त्याचाही हक्क आमच्याइतकाच. त्याने बंदुकीखालचे दोन पाय मातीत रोवले. नळी खऱ्या नराकडे नव्हती. मिर्नाकडे होती.

शिकारी दुरून ओळखू यावा म्हणून कायद्याप्रमाणे मिर्नाच्याही अंगात नारिंगी बंडी होती, पण ती फळीमागे. टेकाडावरून, तापलेल्या हवेच्या लाटांतून, त्या माणसाला दिसत होतं एक जिवंत हरीण. आणि प्लायवूड काही गोळी अडवत नाही.

ओरडावं तर आवाज त्याच्यापर्यंत पोचायचा नाही. मिर्नाला मात्र ऐकू जाईल, ती दचकेल, फळी हलेल, आणि हरीण पळतंय असं वाटून तो घाईने चाप ओढेल. माझ्या बंदुकीने हवेत बार काढला तरी तेच. मी मांस भरायची पांढरी पिशवी ओढून काढली आणि डोक्यावर धरून हलवायला लागले. त्याची नळी किंचित माझ्याकडे वळली. तेव्हा कळलं. बिथरलेलं हरीण ढुंगणावरचे पांढरे केस असेच फुलवतं. मी त्याला आणखी एक हरीण दाखवत होते!

पिशवी टाकली आणि पळत सुटले, मिर्ना आणि ती नळी यांच्या मधोमध. एवढ्या लांबून गोळी आधी लागते, आवाज मागून येतो. त्यामुळे काही ऐकू येत नाही म्हणून धीर धरावा, तर तेही नाही. पावलागणिक मी बघत होते, फळी अजून उभी आहे का.

"डेल्फा! डोकं फिरलं का तुझं? बुजेल ना तो!"

"झोप! जमिनीवर झोप!"

"काय?"

"आडवी हो म्हणते ना, सटवे!"

मागे फळी धाडकन आपटली. मिर्नाने टाकली की गोळीने पाडली? वळून बघायची छाती झाली नाही. दोन्ही हात वर करून, टेकाडाकडे तोंड करून मी तशीच उभी राहिले. त्याच्या बंदुकीवरच्या दुर्बिणीत माझं पोट मावलं नसेल.

बऱ्याच वेळाने तो उठला. बंदूक खालीच ठेवली. टोपी काढली, डोकं दोन्ही हातांत धरलं आणि मटकन खाली बसला.

मिर्ना माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती. हनुवटीला माती. तिने टेकाडाकडे बघितलं, पडलेल्या फळीकडे बघितलं.

"माझ्यावर?"

"तुझ्यावर."



मग ती अगदी हळू म्हणाली, "डेल्फा, हात सोड. नर आलाय."

हरणाची जात भारी चौकस. एवढा गोंधळ झाला तरी तो नर पळाला नव्हता. उलट काय चाललंय ते बघायला जवळ आला होता, आंधळ्यालाही नेम धरता येईल इतका. आणि मिर्नाची बाही माझ्या मुठीत होती. कधी धरली, कुणास ठाऊक.

"सोडते," मी म्हणाले. बोटं उघडेनात.

मिर्नाने बंदूक झुडपाला टेकवली आणि माझी बोटं एकेक करून उघडायला लागली. तिलाही जमेना. मग तिने आपला हात माझ्या मुठीवरच ठेवला.

"राहू दे," ती म्हणाली, "धरून ठेव."