मागे सरकवलेली सीट

"बाबा, आपली गाडी दुसऱ्या कुणी चालवली आणि ठोकली, तर विमा मिळतो का?"

भिंगरीने विचारलं आणि बाबांच्या हातातला चमचा खणकन ताटात पडला.

खरं तर प्रश्न तिचा नव्हताच. शनिवारच्या सामन्याला जायला गाडी हवी होती, चालवणार होती एका मैत्रिणीची मोठी बहीण, आणि "बाबांना हे असंच विचारून दाखव, तर तू खरी कॅप्टन!" अशी पैज संघातल्या तिघींनी लावली होती. भिंगरीला वाटलं होतं, बाबा हसतील आणि किल्ली पुढे करतील. गाडीसाठी त्यांनी आजवर कुणाला नाही म्हटलं नव्हतं. कुणाचं सामान, कुणाची परीक्षा, कुणाची आजी दवाखान्यात. अख्ख्या इमारतीला ती गाडी आपलीच वाटायची. बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. लोकांना स्वच्छ दिसावं म्हणून वीस वर्षं पाठीला बाक आणलेला हा माणूस आपल्या माणसांकडे मात्र डोळे झाकून बघायचा.

"तुला कुणी सांगितलं?" आईने दबक्या आवाजात विचारलं.

"काय सांगितलं?"

झालं, झाकली मूठ उघडली!

आदल्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास लंबूकाकांनी गाडी नेली होती. काका म्हणजे बाबांचे शाळेपासूनचे दोस्त. वळणावर त्यांची दूध पोचवणाऱ्या एका बाईच्या सायकलला धडक बसली. बाईचं मनगट मोडलं, गाडीचा डावा पत्रा आत गेला. काकांनी तिला लगेच दवाखान्यात नेलं, तेवढं बरं केलं. पण त्यांचा परवाना संपून दोन वर्षं झाली होती आणि किल्ली देताना बाबांनी तो विचारलाच नव्हता.

"मित्राकडे परवाना मागायचा? लाज वाटते गं," बाबा पुटपुटले.

"आणि आता? परवाना नसलेल्याच्या हाती गाडी दिली की विमा कंपनी हात वर करते, अहो! त्या बिचारीचा खर्चही आपल्याच गळ्यात."

"म्हणून तर तो म्हणतोय..."

बाबांनी विम्याचा फॉर्म पुढे सरकवला. 'अपघाताच्या वेळी वाहन कोण चालवत होते?' या ओळीपुढची जागा कोरी होती. तिथे बाबांनी स्वतःचं नाव लिहावं, असं काकांचं म्हणणं होतं. गाडी बघायला विमा कंपनीचा माणूस चार वाजता यायचा होता.

तीन वाजता बाबा गुपचूप खाली गेले. भिंगरीने गॅलरीतून पाहिलं. काकांच्या लांबलचक पायांसाठी सीट पार मागे गेली होती. बाबांनी ती ओढून पुढे घेतली, आपली उशी ठेवली, आरसा वळवला. मग स्टिअरिंग धरून नुसतेच ओठ हलवत बसले. पाठांतर! भिंगरी धडाधडा जिने उतरली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"बाबा, काल सकाळी दहाला तुम्ही कुठे होतात?"

"गाडी... दुकानात."

"बघा! पहिल्याच प्रश्नाला दांडी गुल. त्यांनी दुकानात फोन केला तर? आणि त्या बाईने काकांना पाहिलं नसेल? गाडीतून उतरताना ते घडीच्या खाटेसारखे उलगडतात!"

बाबांना हसू आलं. ते ओठांवरच विरलं.

"शाळेत मला फळा दिसायचा नाही गं. घरी सांगायची हिंमत नव्हती. चार वर्षं तो माझ्या कानात फळा वाचायचा. एकदाही कंटाळला नाही. आता मी त्याचं नाव लिहिलं, तर तो पुन्हा दारात उभा राहील का?"

 

पावणेचारला दोघं वर आले, तोच बाबांचा फोन वाजला. काकांचा आवाज खोलीभर घुमला. "लिहिलंस ना रे? दोन शब्दांचं काम! गाडी तुझी, विमा तुझा, परवाना तुझा. मग नाव तुझं नको?"

"हो... लिहितोय..."

"आणि त्या बाईचं मी बघतो. ती काही बोलायची नाही."

आईने चटकन मान वर केली. बाबांनी पेन टेकवलं. पहिलं अक्षर अर्धंच उमटलं आणि रेघ वाकडी गेली. दिवसभर केसाएवढी चूक न होऊ देणारा तो हात! तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. आई उठेना, बाबा हलेनात. फोनमधून काका विचारत होते, "आला का रे तो? अरे, बोल ना!"

भिंगरीने बाबांच्या हाताखालचा फॉर्म काढून घेतला.

"आई, बाबा, दार मी उघडतेय, आणि गाडी कोण चालवत होतं तेही मीच सांगणार. फोन बंद करू नका, काकांनाही ऐकू दे. बाबा, तुम्ही काही बोलू नका हवं तर. नुसते माझ्या शेजारी बसा."