खांबाआडची जागा

ज्याने अकरा नव्या चर्चना छप्पर मिळवून दिलं, त्याला या पृथ्वीवर बसायला जागा कधी कमी पडणार नाही, असं दाजींच्या निवृत्ती समारंभात संस्थेचे अध्यक्ष म्हणाले. दाजी ते उभ्यानेच ऐकत होते. खुर्च्या मोजून मागवल्या होत्या आणि मोजताना सत्कारमूर्तीला धरायचं राहून गेलं होतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. दर रविवारी एखाद्या जुन्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाहुणे म्हणून जायचं आणि कुठेतरी नवी मंडळी सुरू व्हावी यासाठी तिथल्या लोकांकडे पैसे मागायचे, हे त्यांचं काम. पाळकसाहेब वेदीवरून म्हणायचे, "आज आपल्यामध्ये एक पाहुणे आहेत," आणि बाकांवर चुळबुळ सुरू व्हायची. दानाच्या अशा आवाहनाला अपील म्हणतात, म्हणून लोक त्यांना अपीलकाका म्हणत. संस्थेच्या कॅलेंडरवर त्यांचा फोटो असे, त्यामुळे ज्या घरांत ते कधी गेले नाहीत तिथेही स्वयंपाकघराच्या भिंतीवर ते वर्षभर लटकलेले असत. स्वतःच्या घरात मात्र रविवारी नसत.

ताई घराजवळच्या चर्चमध्ये एकटी जायची. तेही त्या अकरांपैकीच एक. पण आपला नवरा कोण, हे तिने तिथे कुणाला सांगितलं नव्हतं. "अपीलकाकांची बायको म्हटलं की बायका मांडीवरची पर्स कुशीत घेतात," ती मला म्हणाली होती. "मग गप्पा कोण मारणार माझ्याशी?"

दाजी निवृत्त व्हायच्या आधीच ताई गेली. तिला माहेरच्या गावी, आईवडिलांच्या कबरींशेजारी ठेवलं. त्यानंतर दाजींना एकच गोष्ट हवी होती. ताई जिथे बसायची तिथे, एखाद्या रविवारी, नुसतं बसायचं. हे त्यांनी मला इतकं आढेवेढे घेत सांगितलं की आधी मला वाटलं, उसने पैसे हवेत.

"तू चल बरोबर," ते म्हणाले. "एकटा गेलो तर लोकांना वाटेल, कामावर आलोय."

मी रविवारी उशिरा उठणारा ख्रिस्ती आहे. पण गेलो.

चर्चच्या दारातच तिथल्या खजिनदारांनी दाजींना पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "अहो काका, कळवायचं तरी! निरोप नाही, काही नाही."

"मी नुसता बसायला आलोय."

"हो, हो. सुरुवात तशीच असते."

ताईची जागा शोधावी लागली नाही. डावीकडची रांग, खांबाजवळचा बाक. तिने इतक्यांदा सांगितलं होतं. बाकाच्या एका टोकाला तिची मैत्रीण, टेलरबाई, बसली होती. ताईची जागा रिकामी होती आणि तिच्या पलीकडे, खांबाच्या बाजूला, आणखी एक. तिथे टेलरबाईंची पर्स ठेवलेली. ताईच्या जागी जायला दाजी त्या पर्सच्या बाजूने आत सरकले.

"काका, तिथे नको हं," टेलरबाई म्हणाल्या. "ती जागा धरलेली आहे."

"कुणासाठी?"

"आमच्या एक बाई होत्या, त्यांच्या यजमानांसाठी. दर रविवारी पर्स ठेवायच्या. आज येतील म्हणायच्या. बाई गेल्या बिचाऱ्या, पण सवय मोडवत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "खरं सांगू? यजमान होते की नाही, देव जाणे. आम्ही कधी विचारलं नाही. वाईट दिसतं ना."

दाजींनी तोंड उघडलं. तेवढ्यात खजिनदारांनी त्यांचं कोपर धरलं आणि त्यांना पुढे, वेदीजवळच्या पाहुण्यांच्या खुर्चीवर नेऊन बसवलं. मी टेलरबाईंच्या मागच्या बाकावर बसलो. पाळकसाहेब उठले. "आज आपल्यामध्ये एक पाहुणे आहेत."

चुळबुळ.

दाजी उभे राहिले. आता ते सांगणार की त्या बाईंचे यजमान तेच, असं मला वाटलं.

"बंधुभगिनींनो, मी आज काही मागायला आलेलो नाही."

खजिनदारांनी शेजाऱ्याकडे पाहून मान डोलावली. हे वाक्य त्यांना पाठ होतं.

"इथून फार लांब नाही, एक माणूस आहे," दाजी म्हणाले. आवाज आपोआप त्या जुन्या लयीत गेला. त्यांचा इलाज नव्हता. "रविवारी सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालतो, बूट पुसतो आणि पलंगाच्या कडेवर बसून राहतो. त्याला जायला मंडळी नाही. ज्या बाकावर त्याची वाट पाहिली जात होती, तिथे तो वेळेवर पोचला नाही..."

पुढच्या रांगेत कुणीतरी नाक पुसलं. टेलरबाईंचा पदर डोळ्यांना लागला. दाजी खाली बसले आणि दानाच्या थैल्या फिरू लागल्या.

दारात खजिनदारांनी जाडजूड पाकीट त्यांच्या हातात ठेवलं. "आज मात्र कमाल केलीत, काका. त्या माणसासाठी लवकर मंडळी उभी करा."

रस्त्यात मी चिडलो. "सरळ सांगायचं होतंत की!"

"सरळच सांगितलं," दाजी म्हणाले. "त्यांनी दान दिलं."

सोमवारी त्या पाकिटातले पैसे त्यांनी संस्थेच्या कार्यालयात भरले.

पुढच्या रविवारी ते एकटेच गेले, खजिनदार यायच्या आधी. टेलरबाई जागेवर होत्या, पर्सही.

"काका, ही जागा—"

"माझी आहे. मी त्या बाईंचा नवरा."

टेलरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही तर अपीलकाका."

"तेही."

टेलरबाईंनी पर्स उचलली. आधी मांडीवर घेतली, मग कुशीत. दाजी बसले. शेवटच्या प्रार्थनेपर्यंत बसले.

संध्याकाळी मी फोन करून विचारलं, कसं वाटलं?

"तिथून काहीच दिसत नाही रे," ते म्हणाले. "खांब आडवा येतो."

ते चर्च नवं असताना त्या खांबाचे पैसे दाजींनीच जमवले होते.