सोळा हंड्या आणि सहा हात

मला कुणी गप्प बस म्हटलं की माझं तोंड जास्तच सुटतं. तरीही सानगडीच्या आमच्या ढिवरांनी मासेमारी सोसायटीचा सेक्रेटरी मलाच केलं, कारण मॅट्रिक झालेला मी एकटाच होतो. एक्याऐंशी सालच्या श्रावणात मासोळीचं बी आणायला गोंदियालाही मीच गेलो.

बी म्हणजे माशांची पिल्लं, जिऱ्याएवढी. बंगालातून रेल्वेनं येतात, पाण्यानं भरलेल्या हंड्यांतून. एकेका हंडीत हजारो जीव. पाणी हलत राहिलं तर त्यात हवा मिसळते. थांबलं की थोड्याच वेळात पिल्लं वर येऊन तोंडं उघडतात, आणि मग पांढरी पडून तळाशी बसतात. म्हणून ट्रक चालता हवा. आमच्या भागातल्या खड्ड्यांचा कुणाला उपयोग असेल तर तो या पिल्लांना. ट्रक उभा राहिला की मात्र तळहातानं पाणी थोपटत बसावं लागतं, एका हाताला एक हंडी.

हंड्या होत्या सोळा. माणसं तीन: मी, पन्नास वर्षं तलावात काढलेले गोमाजीकाका आणि ड्रायव्हर बाबुलाल. आठ माणसं लागतात हा हिशेब मलाही येत होता. काकांनी तसं सुचवलंही होतं. पण थांबायचंच नाही तर आठ कशाला, असं म्हणून मीच त्यांना उडवून लावलं.

बी मरून चालणार नव्हतं. आदल्या उन्हाळ्यात भय्याजी नावाच्या आमच्याच गावच्या शेतकऱ्यानं उन्हाळी धान वाचवायला तलावाचं तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडलं आणि पाणी शेतात घेतलं. तलाव चिखलावर आला, मासे तडफडून मेले. तीस घरांचं वर्ष गेलं. हे बी गेलं तर दुसरंही जाणार होतं. भय्याजीला चार शब्द सुनवायचे म्हणून मी वर्षभर भाषण घोकत होतो, पण तो काही तावडीत सापडत नव्हता.

साकोलीच्या अलीकडे सापडला.

त्या आठवड्यात धानाला खत मिळेना म्हणून शेतकऱ्यांनी रस्ते अडवले होते. दोन ट्रकांच्या काचा फुटल्याचं गोंदियातच कानावर आलं होतं, पण बी थांबणारं नव्हतं म्हणून आम्ही निघालो. रस्त्यावर बैलगाड्या आडव्या लावलेल्या, चाळीस-पन्नास माणसं, आणि त्यांच्या पुढे हातात काठी घेतलेला भय्याजी. एकही गाडी जाणार नाही, तहसीलदार येईपर्यंत तर नाहीच, असं तो बाबुलालला सांगत होता. बाबुलालनं वाद घातला नाही. इंजिन बंद केलं, मागे चढला आणि दोन हंड्यांत हात घातले. काका आधीच बसले होते. दोन हंड्या माझ्या वाट्याच्या होत्या. उरलेल्या दहांकडे आळीपाळीनं वळायचं, एवढाच उपाय होता.

मी फळीवर उभा राहिलो आणि भाषण सुरू केलं.

चांगलं झालं ते. एकाच तलावाचं खाऊन दुसऱ्याच्या पोटावर कसा पाय देतात, तुडुम कुणाच्या बापाचं नसतं, खत मिळत नाही म्हणून रडणाऱ्यानं आमचे मासे मारताना कुणाला विचारलं होतं, सगळं मी खणखणीत विचारलं. लोक ऐकत होते. भय्याजीचा चेहरा लाल होत होता, तो काठी आपटत होता, आणि मला फार बरं वाटत होतं. काकांनी दोनदा माझ्या धोतराचा सोगा ओढला. मी झटकून टाकला.

शेवटी काका स्वतः उठले नाहीत, फक्त मान वळवली.

"भय्याजी, रस्ता नोको सोडू. हात दे."

भय्याजीला कळेना. हात कशाला, असं त्यानं विचारलं. काकांनी हंडीकडे हनुवटी केली. आता या माणसाला माझ्यासारखा राग येतो, पण एक गोष्ट त्याच्यात माझ्याहून बरी आहे, त्याला बघितल्याशिवाय राहवत नाही. तो चाकावर पाय देऊन वर आला आणि हंडीत डोकावला. तिथे नुसते काळे ठिपके धावताना दिसतात. नीट पाहिलं तर प्रत्येक ठिपक्याला दोन डोळे असतात.

"हे एवढुसे? याईचे मासे होतेत?"

काका म्हणाले, होतात, पाणी हललं तर. कसं हलवायचं तेही दाखवलं. भय्याजीनं काठी खाली टाकली आणि एका हंडीत हात घातला, मग दुसऱ्या. खालची पोरं हसली. एकानं विचारलं, आमीबी पाहू का? चार जण चढले. अडवणारेच ट्रकमध्ये मांडी घालून पाणी थोपटू लागले आणि एकमेकांना विचारू लागले की मोठा मासा कोणता होणार, यांना खायला काय, डोळे मिटतात का. मी अजून फळीवरच होतो, कारण भाषणाचा शेवट राहिला होता.

अर्ध्या तासानं भय्याजीचे दंड भरून आले. हात काढावा तर पिल्लं लगेच वर येत होती. त्याच्या हाताखाली मरणार, तेही चार गावांच्या देखत. तहसीलदाराचा पत्ता नव्हता. त्यानं दोनदा रस्त्याकडे पाहिलं, मग बाबुलालला म्हणाला, "चाल रे बाबू, घे गाडी. इथं बसून मरू देण्यापरीस खड्ड्याईले हलवू दे."

बैलगाड्या बाजूला झाल्या. पुढे आणखी दोन ठिकाणी रस्ता अडवलेला होता. दोन्ही ठिकाणी भय्याजी मागून ओरडला, आपली गाडी हाये, जाऊ द्या. पाणी थोपटणाऱ्या माणसाला कोण दगड मारणार? काचेला ओरखडासुद्धा आला नाही.

सूर्य कलायला आम्ही तलावावर पोचलो. बी ओतायचं नसतं. हंडी पाण्यात तिरपी धरायची आणि वाट पाहायची, जिवंत असेल ते आपणहून निघतं. काकांच्या हंड्या रिकाम्या झाल्या. बाबुलालच्या, पोरांच्या झाल्या. भय्याजी गुडघाभर पाण्यात उभा राहून आपल्या हंडीतून ठिपक्यांची रांग निघताना बघत होता.

माझ्या वाट्याच्या दोन हंड्यांतून काहीच निघालं नाही. आतलं पाणी वर काढून पाहिलं, तळाशी पांढरा थर होता.

मला शरमेनं मान वर करवेना. काका जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुमी बोलले थे खरं होतं, सेक्रेटरी. पर हात भायेर होते."

मी खाली बसून तलावाच्या पाण्यात हंड्या घासू लागलो. भय्याजी अजून पाण्यातच होता. त्यानं काकांना विचारलं, "उन्हाळ्यात याईले किती पानी ठेवा लागते?"

काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. सोसायटीचं उत्तर सेक्रेटरीनं द्यायचं असतं. भाषणाचा राहिलेला शेवट नेमका याच पाण्यावर होता, वर्षभर घोकलेला, शब्द न् शब्द पाठ.

"कमरेइतकं," मी म्हणालो, आणि हात पाण्यातच ठेवले.