मृगाच्या आधी की नंतर

धावजी राठोडने जानेवारीतल्या एका सकाळी कागदावर अंगठा दिला आणि घरी येऊन बायकोला सांगितलंच नाही. चार दिवसांनी ते तिला आर्णीच्या बाजारात दुसऱ्याकडून कळलं.

आर्णीपासून दोन कोसांवर, अरुणावतीच्या काठाला त्यांचा तांडा होता. धावजीचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडला होता. बापाने तांडा बसवला, आणि धावजी गेली चौदा वर्षं वामनरावांची नऊ एकर जमीन कुळाने वाहत होता. जमीन हाती घेतली तेव्हा अर्ध्या वावरात पळस माजला होता. ती खोडं धावजी आणि त्याची बायको धुरपताबाई दोघांनी मिळून तीन उन्हाळे खणली. आता त्यात कापूस चांगला यायचा, धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधालगतच्या तासांना तूर.

ही १९५८ सालची गोष्ट. विदर्भ नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि इकडच्या कुळांसाठी नवा कायदा येणार असं सरकारने जाहीर केलं होतं. कसेल त्याला जमीन मिळेल, असं सभांमधून सांगितलं जात होतं. ते ऐकून कुळं खूश झाली. मालक मात्र आधीच कामाला लागले. कुळाला जबरीने काढायला मनाई होती, पण कुळाने आपल्या खुशीने जमीन सोडली तर कोण काय म्हणणार? त्या सोडण्याला राजीनामा म्हणत. वामनरावांनी धावजीला तोच कागद पुढे केला होता.

"नुसता कागद हाये म्हने," बायकोने विचारलं तेव्हा धावजी मान खाली घालून म्हणाला. "पेरनी आपनच करू म्हने, पुढंबी."

धुरपताबाई त्याच्यावर ओरडली नाही. चौदा वर्षांत तो कोणालाही नाही म्हणालेला तिने पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी भाकरी बांधून ती पायी आर्णीला गेली आणि पुंडलिकरावांच्या ओसरीवर जाऊन बसली.

पुंडलिकराव त्या भागाचे आमदार. आदल्या वर्षी निवडून आलेले, साठ एकरांचे शेतकरी, स्वभावाने भिडस्त. वर्षभरात विधानसभेत त्यांनी मतदानाला हात वर केला होता, तेवढाच. तिथले वकील आणि पुढारी असे काही बोलायचे की पुंडलिकरावांच्या मनात आलेलं वाक्य मनातच राहायचं. शिवाय ते सरकारी पक्षाचे. गप्प बसलं तरी कोणी काही म्हणत नव्हतं.

धुरपताबाईने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, कायदा येनार हाये. थोडा दम धरा."

"भाऊ, कायदा येऊन राह्यला म्हनून तर आमचं वावर चाललं," ती म्हणाली. "तो यायच्या आधीच समदे कागद झाले, तर मंग तो येऊन राह्यला कोनासाठी?"

पुंडलिकरावांनी आतून चहा मागवला.

"केव्हा येनार, तेवढं विचारा न तिथं. मृगाच्या आधी येते का नंतर, तेवढंच. पेरनी आमच्या हातानं झाली तर आमी वावरात राहू. दुसऱ्याच्या हातानं झाली तर गेलो." एवढं बोलून ती उठली. चहाला थांबली नाही.

ती गेल्यावर आलेला चहा पुंडलिकरावांनी एकट्यानेच घेतला. अडचण एक नव्हती. वामनराव त्यांचे साडू, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, विजयमालाबाईंच्या, थोरल्या बहिणीचे यजमान. आणि त्यांच्या स्वतःच्याही बारा एकरांत नानाजी नावाचा माणूस कूळ होता. तो कायदा लवकर यावा असं आपल्याला खरंच वाटतं का, हे त्यांनी आजवर स्वतःलाही विचारलं नव्हतं.

जेवताना त्यांनी बायकोला सांगितलं. विजयमालाबाईंनी ताटात भाकरी वाढली.

"तुमी तिले हाव म्हनलं का?"

"म्हनलो नाही. नाहीबी नाही म्हनलो."

"मंग ते हावच झालं. बाई दोन कोस पायी आलती."

"अन् तुही ताई? अन् आपला नानाजी?"

विजयमालाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "ताई रागवन. रागवली तर रागवली. अन् नानाजीचं म्हनाल, तर आपल्याले अठ्ठेचाळीस एकर काही कमी नाही. म्या कधी त्या वावरात पायबी नाही टाकला."

पुंडलिकरावांनी प्रश्न वहीच्या पानावर लिहिला. धामणगावला मेल धरून मुंबईला गेले तेव्हा ते पान खिशात होतं. विधानसभेच्या कचेरीतल्या कारकुनाने वाचून चष्मा वर केला. पानावर लिहिलं होतं : कुळांचा कायदा येणार येणार म्हणतात, तो केव्हा येणार? कारकून भला माणूस होता. त्याने नवा कागद घेऊन तोच प्रश्न नीट मांडून दिला. विदर्भातील कुळांसाठी विधेयक आणण्याचे आश्वासन शासनाने दिले आहे, हे खरे आहे काय? असल्यास, ते कोणत्या अधिवेशनात मांडण्यात येईल? विलंबाची कारणे काय? पुंडलिकरावांना वाचून वाटलं, हा आपला प्रश्न दिसत नाही. पण त्यांनी सही केली.

प्रश्न यादीत लागायला तीन आठवडे गेले. दरम्यान पक्षाच्या एका वडीलधाऱ्या सदस्याने त्यांना बाजूला घेतलं. "पुंडलिकराव, हे विरोधकांचं काम आहे. आपण आत बोलावं, सभागृहात नाही." पुंडलिकरावांनी नेहमीसारखी मान हलवली. पण कचेरीत जाऊन प्रश्न मागे घेतला नाही.

मार्चमधल्या एका मंगळवारी अध्यक्षांनी त्यांचा क्रमांक पुकारला. उत्तर द्यायला एक उपमंत्री उभे राहिले आणि त्यांनी कागदावरून वाचलं, "एक, होय. दोन, विधेयक शासनाच्या विचाराधीन असून योग्य वेळी मांडण्यात येईल. तीन, प्रश्न उद्भवत नाही."

एवढ्यावर ते बसले. पुढचा क्रमांक पुकारला जाणार, तेवढ्यात पुंडलिकराव उभे राहिले. हाताने समोरचं बाक धरलं होतं.

"अध्यक्ष महाराज, योग्य वेळ म्हणजे कोणता महिना?"

काही जण हसले. उपमंत्रीही हसून म्हणाले, "महिना सांगणं कठीण आहे. शक्य तितक्या लवकर."

"मग एवढंच सांगावं. मृग नक्षत्राच्या आधी की नंतर?"

आता हसू मोठं झालं. अध्यक्षांनी हातोडा आपटला आणि प्रश्न स्पष्ट करायला सांगितलं. पुंडलिकरावांचे कान लाल झाले होते. आणखी एक वाक्य बोललं की बसायचं, असं त्यांनी ठरवलं. पण बोलायला लागल्यावर ते थांबले नाहीत.

"आमच्याकडे मृगात पेरणी होते, महाराज. ज्याच्या हातानं पेरणी, त्याचं वावर. कायदा येणार हे ऐकून मालक लोक कुळांचे अंगठे घेऊन राहिले आहेत. खुशीनं सोडली म्हणून लिहून घेतात. घेणारे परके नाहीत, माझे सोयरे आहेत. मी स्वतः मालक आहे, मला माहीत आहे हे कसं होतं. कायदा उशिरा आणायचा असेल तर शासनानं आणावा. पण तोवर घेतलेले हे राजीनामे शासन खरे धरणार का, ते आज सांगावं."

सभागृहात कोणी हसलं नाही. विरोधी बाकांवरून दोघे उभे राहिले, मग सरकारी बाकांवरून अकोल्याकडचे एक सदस्य. उपमंत्र्यांनी मागे पाहिलं. अधिकाऱ्यांच्या कक्षातून एक चिठ्ठी आली. ती त्यांनी दोनदा वाचली.

"विधेयक पुढच्या अधिवेशनात आणण्याचा शासनाचा प्रयत्न राहील," ते सावकाश म्हणाले. "दरम्यान दिलेला प्रत्येक राजीनामा तहसीलदारांनी कुळाला समक्ष विचारून पडताळावा, अशा सूचना देण्यात येतील. पडताळणी झाल्याशिवाय ताबा बदलणार नाही."

पुंडलिकराव खाली बसले. त्यांना तहान लागली होती, एवढंच पुढे त्यांना आठवायचं.

सूचना खरोखर निघाल्या. एप्रिलच्या शेवटी वामनराव पुंडलिकरावांच्या ओसरीवर आले. चपला काढल्या नाहीत.

"भर सभेत सोयरे म्हनलं तुमी. नाव तेवढं घ्याचं ठेवलं."

"नाव नाही घेतलं, वामनराव. घेनारबी नाही."

"तुमचं काय जाते? तुमाले लोकं मतं देतील."

"माहे बारा एकर जातीन," पुंडलिकराव म्हणाले. "नानाजीले म्या सांगून टाकलं, कायदा आला का अर्ज कर म्हनून."

वामनरावांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, खरं बोलतो का खोटं ते बघावं तसं. मग ते निघून गेले. विजयमालाबाईंची बहीण त्या दिवाळीला आली नाही.

मे महिन्यात धावजीला तहसीलीतून बोलावणं आलं. धुरपताबाई बरोबर गेली, पण शिपायाने तिला दाराशीच थांबवलं. विचारायचं ते कुळाला, आणि कागदावर नाव धावजीचं होतं. दार उघडं होतं, एवढं बरं. आत वामनराव खुर्चीवर बसलेले, धावजी उभा, पागोटं काखेत.

तहसीलदाराने कागद वाचून दाखवला. "हा अंगठा तुझा?"

"हाव, साहेब."

"जमीन खुशीनं सोडली का?"

धावजीने वामनरावांकडे पाहिलं. चौदा वर्षं त्याने त्या माणसाला रामराम घातला होता. लेकीच्या लग्नात वामनरावांनी लुगडं दिलं होतं, तेही त्याला आठवलं. तहसीलदाराने पुन्हा विचारलं.

"कोनी," धावजी म्हणाला. 'नाही' म्हणायला तोंडून आपली तांड्याची बोलीच निघाली, आणि समोरच्याला ती कळली नाही हे त्याच्या लक्षात आलं. "नाही, साहेब. खुशीनं नाही. पळसाची खोडं म्या काढली तिथली. खुशीनं कसा सोडन?"

तहसीलदाराने कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि त्या मोठ्याने वाचल्या. राजीनामा ग्राह्य नव्हता. वामनराव उठले. दारातून जाताना ते धावजीला म्हणाले, "बियानं लवकर पाहून ठेव. यंदा सरकी चांगली भेटून नाही राह्यली." त्यात राग होता की सवय होती, हे धावजीला कळलं नाही. धुरपताबाई मात्र घरी येईपर्यंत नवऱ्याच्या बाजूने चालत होती. एरवी ती चार पावलं पुढे असायची.

मृगात पेरणी धावजीच्या हाताने झाली.

कायदा मात्र पुढच्या अधिवेशनात लगेच आला नाही. पुंडलिकरावांनी पुन्हा प्रश्न दिला, या वेळी कारकुनाच्या मदतीशिवाय. मसुदा तयार होत आहे, असं उत्तर मिळालं. त्यांनी पुन्हा उभं राहून विचारलं, कोणत्या आठवड्यात? कोणी हसलं नाही, आणि त्यांच्यामागे विदर्भातले सहा सदस्य उभे राहिले. शेवटी वर्ष संपता संपता कायदा झाला.

जानेवारीत पुंडलिकराव छकड्यातून तांड्याकडे गेले. वावरात वेचणी चालली होती. धुरपताबाई कमरेला ओटी बांधून बायांबरोबर कापूस वेचत होती. त्यांना पाहून ती धुऱ्यावर आली. त्यांनी कायदा झाल्याचं सांगितलं; अर्ज केव्हा करायचा, कुठे करायचा, तेही सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकलं. डोळ्यांत पाणी आलं ते तिने पदराने पुसलं आणि दूर वेचत असलेल्या धावजीला हाक मारून खबर दिली. धावजी जागीच खाली बसला, तासांमध्ये.

"भाऊ," धुरपताबाई थोड्या वेळाने म्हणाली, "त्या कायद्यात बाईचं नाव लागते का? खोडं तर आमी दोघानं काढली."

पुंडलिकरावांनी कायदा दोनदा वाचला होता. पण हे त्यांनी पाहिलं नव्हतं.

"मले माहीत नाही, बाई," ते म्हणाले. त्यांनी खिशातून वही काढली, धुऱ्यावर मांडी घातली आणि तिचं पूर्ण नाव विचारलं.