एका रविवारपुरते मेथडिस्ट

व्हर्बीना टिडवेल चर्चच्या दारात उभी राहून आत येणाऱ्या प्रत्येक बाप्टिस्टाच्या हातात मेथडिस्टांचं गीतपुस्तक कोंबत होती.

"पुस्तक उघडं ठेवायचं, गाणं पाठ असलं तरी. आणि मधेच 'आमेन' म्हणून ओरडायचं नाही. आमच्याकडे ती पद्धत नाही."

"मग देवाला तुमचं ऐकू कसं जातं?" बर्ल हॅडॉकनं विचारलं. रस्त्यापलीकडच्या बाप्टिस्ट चर्चचा तो डीकन, म्हणजे पाळकाच्या हाताखालचा कारभारी, वय एक्याऐंशी.

"त्याचे कान अजून शाबूत आहेत, तुझ्यासारखे नाहीत. चल, आत हो. खिडकीजवळ बस, म्हणजे ती बाजू भरलेली दिसेल."

बर्ल हसत आत गेला.

जॉर्जियातल्या डोव्हर्स क्रॉसिंगमध्ये एक रस्ता, शंभर-दीडशे वर्षांची सात घरं आणि समोरासमोर दोन पंथांची दोन चर्चं, एवढंच काय ते गाव. त्यातलं पांढरं लाकडी चर्च मेथडिस्टांचं. व्हर्बीनाच्या पणजोबांनी रंधलेल्या पाइनच्या फळ्या अजून त्याच्या जमिनीला होत्या. मेथडिस्ट मात्र तीनच उरले होते: व्हर्बीना, तिची ठार बहिरी चुलतबहीण ल्यूटी आणि ल्यूटीचा अंथरुणाला खिळलेला नवरा. आज मेथडिस्टांचे अधीक्षक रेव्हरंड प्रुइट पाहायला येणार होते, की हे चर्च चालू ठेवायचं की विकायचं.

विकणं म्हणजे काय, हे व्हर्बीनाला पक्कं ठाऊक होतं. नऊ मैलांवरच्या प्रेस्बिटेरियन चर्चचा लग्नाचा हॉल झाला होता. त्याचे बाक अटलांटातल्या कुठल्याशा हॉटेलात गेले, आता लोक त्यांवर बसून कोळंबी खातात. इथे चर्चमागे तिचे आईवडील आणि भाऊ पुरलेले होते. त्यांच्या डोक्यावर कोणी नाचगाणी करावीत, हे ती जिवंत असेपर्यंत होणार नव्हतं.

म्हणून गुरुवारी ती सरळ रस्ता ओलांडून गेली आणि बाप्टिस्टांना म्हणाली, एक रविवार माझ्याकडे येऊन बसा. त्यांच्या पाळकानं आपली उपासना दुपारवर ढकलली. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. टिडवेलांच्या घराची चिमणी कोसळली तेव्हाही बाप्टिस्टांनीच विटा रचून दिल्या होत्या.

सगळं छान चाललं होतं. चाळीस माणसं बसलेली, गाणी दणक्यात झालेली. तरुण रेव्हरंड प्रुइट प्रवचनाच्या वेळी दोनदा खुशीत हसलेसुद्धा. व्हर्बीनानं मनात म्हटलं, झालं, जिंकलो.

मग प्रभुभोजन आलं, येशूच्या आठवणीत भाकर घेण्याचा विधी. प्रुइटांनी भाकर मोडली, हात पसरले आणि लोकांना बोलावलं. व्हर्बीना नेहमीसारखी सर्वांत आधी उठली, वेदीसमोरच्या कठड्यापाशी जाऊन गुडघ्यांवर बसली, आणि मागून पावलांचा आवाज येण्याची वाट पाहू लागली.

आवाज आलाच नाही.

तिनं मान वळवली. सगळे बाप्टिस्ट मांडीवर हात ठेवून शहाण्यासारखे बसून होते. त्यांच्याकडे भाकरीचं ताट बाकाबाकांवरून फिरतं, लोक जागचे हलत नाहीत. एका म्हातारीनं तर ताट आपल्याकडे येईल म्हणून हातमोजाही काढून ठेवला होता. टोप्यांपासून खोकल्यापर्यंत व्हर्बीनानं त्यांना सगळं शिकवलं होतं. हे मात्र राहून गेलं. भाकर उठून घ्यायची असते, हे कुणाला सांगावं लागतं, असं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

प्रुइटांनी कठड्याकडे पाहिलं, बाकांकडे पाहिलं. तेही खेड्यातच वाढलेले होते; बाप्टिस्ट ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

"मिस व्हर्बीना," ते वाकून हळूच म्हणाले, "यातले तुमचे किती?"

"दोन. ल्यूटी आणि मी. ल्यूटीला तुम्ही बोलावलेलं ऐकू आलं नसणार. तिसरा घरी झोपून आहे."

"मग मला काय लिहावं लागेल, ते तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय." तिची मान ताठ होती. "आधी भाकर द्या."

तेवढ्यात खिडकीजवळचा बाक करकरला. बर्ल उठला होता.

अठ्ठावन्न वर्षांपूर्वी त्यानं तिला मागणी घातली होती. ती म्हणाली, आधी आमच्या कठड्यापाशी गुडघे टेक. तो म्हणाला, आधी तू नदीत बुडी मारून बाप्तिस्मा घे, लहानपणी डोक्यावर शिंपडलेलं पाणी आम्ही धरत नाही. दोघंही हटली नाहीत. त्यानं दुसरीशी लग्न केलं, संसार केला, तिला मातीही दिली. व्हर्बीनानं लग्नच केलं नाही. दोन्ही दारांमध्ये फार तर तीस पावलांचं अंतर, आणि या सगळ्या वर्षांत तो तिचं छप्पर शाकारून गेला, तिच्या हातचं पीचचं पक्वान्न खाऊन गेला, पण या कठड्याच्या वाटेला कधी गेला नाही.

आता बाकांच्या पाठी धरत धरत तो पुढे आला आणि आधी एक, मग दुसरा, असे गुडघे टेकून तिच्या शेजारी बसला.

"बर्ल, तुझी माणसं काय म्हणतील?" ती कुजबुजली.

"मागेच बसलीत. विचार जा."

प्रुइट थांबले. "पाहुणे म्हणून आलात, भाऊ?"

"नाही. इथला म्हणून. वहीत नाव घाला माझं. आजपासून."

"पूर्ण नाव सांगा."

बर्लला वाकल्यामुळे धाप लागली होती. त्यानं बोलायला तोंड उघडलं, पण व्हर्बीनाच बोलली. तिची नजर समोरच्या भाकरीवरच होती.

"बर्ल एझ्रा हॅडॉक. जन्म नऊ ऑक्टोबर, एकोणीसशे त्रेचाळीस. बाप्तिस्मा झालेला आहे. नदीत, अकराव्या वर्षी, कडाक्याच्या थंडीत. मी काठावर उभी होते. तो आम्ही धरतो."