अठरा आट्यांचा बोळ

बोळाच्या टोकाशी वीस-बावीस माणसं येऊन थांबली आणि उत्कर्षाच्या मोबाइलनं हात टेकले. नकाशात पुढं रस्ताच नव्हता. समोर म्हशींचा गोठा, त्यामागं पडकी भिंत आणि भिंतीपलीकडं डोंगर. सिद्धूआबा मात्र गोठ्याच्या कडेनं आपल्याच परसात निघाल्यासारखे आत शिरले.

उत्कर्षा दर रविवारी हौशी लोकांना साताऱ्याचे आडबोळ दाखवी आणि मग डोंगरावर नेई. आज तिनं वाटाड्या म्हणून नगरपालिकेचा निवृत्त चावीवालाच धरून आणला होता. चौतीस वर्षं आबांनी लोखंडी चावी खांद्यावर टाकून पेठापेठांतून पाणी सोडलं होतं. त्यांना बोळांची नावं कमी आणि व्हॉल्व्हवर चावी फिरवायचे आटे जास्त पाठ. हा बोळ अठरा आट्यांचा, पलीकडचा बावीस. दोन आटे कमी फिरले, की बोळातल्या विजयमालाबाई रिकामी कळशी घेऊन रस्त्यात उभ्याच, असं ते सांगत होते आणि मंडळी हसत होती.

हसत नव्हता तो त्यांचा मुलगा अमृत. म्हाताऱ्याचा गुडघा कुरकुरतो म्हणून तो सोबत आला होता. मागच्या आठवड्यात त्यानं सहज विचारलं होतं, की आता व्हॉल्व्ह बटणावर चालतात, मग एवढ्या नोकरीतून तुमचं म्हणून मागं राहिलं काय? आबा म्हणाले होते, "माझी वाट हाय." वरच्या पाण्याच्या टाकीकडं जाणारा रस्ता डोंगराला वळसा घालून जाई. आबा गोठ्यामागून सरळ चढत, रोज दोनदा. त्या एकट्या माणसाच्या पायांनी तिथं वाट मळली होती. तीच दाखवायचा शब्द त्यांनी उत्कर्षाला दिला होता.

भिंत ओलांडली आणि आबा थबकले. समोर कमरेएवढं गवत. गुडघ्यापायी तीन वर्षं ते इकडं फिरकले नव्हते. वाटेचा मागमूस नव्हता. मागं कुणीतरी घसा खाकरला.

"आबा, राहू द्या. रस्त्यानं जाऊ," अमृत हळूच म्हणाला.

तो चिडला असता तर परवडलं असतं. त्याच्या आवाजातली कीव आबांना फार लागली. त्यांनी चपला काढल्या आणि गवतात पाय घातला. पावसानं भिजलेल्या मातीत तो घोट्यापर्यंत रुतला. डावीकडं टाकला, तिथंही रुतला. मग दोन पावलं उजवीकडं सरकून त्यांनी टाच रोवली. टाच आत गेली नाही. खाली जमीन घरातल्या भुईसारखी घट्ट होती.

"हाय. हितंच हाय," आबा म्हणाले. "माझ्या मागनं या, एकामागं एक. बाजूला पाय रुततूय."

मग ते चढत राहिले. खडकापाशी डावं वळण, करवंदीपाशी उजवं. एकदाही चुकले नाहीत. गुडघा ठणकत होता, पण आज बसायचं नाही हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

टाकीपाशी पोचल्यावर त्यांनी पाइपवर तळवा ठेवला. आत पाणी धावत होतं.

"ताई, आमी मान तालुक्यातलं. आमच्या गावात आजून टँकर येतूय," ते उत्कर्षाला म्हणाले. "आन् ह्या गावाला मी चौतीस वर्सं पानी पाजलं."

उत्कर्षानं वाट मोबाइलवर नोंदवली आणि हिला नाव काय देऊ, म्हणून विचारलं. आबा लाजून टाकीकडं बघायला लागले.

"सिद्धू चावीवाल्याची वाट," मागून अमृत म्हणाला. "असंच लिहा."

आबांनी वळून पाहिलं. वीस-बावीस जणांच्या पायांखाली गवत आडवं झालं होतं आणि वाट थेट अठरा आट्यांच्या बोळापर्यंत उघडी दिसत होती. त्यांना एकाएकी चपलांची आठवण झाली. त्या अमृतच्या हातात होत्या. सगळा चढ त्यानं त्या उचलून आणल्या होत्या.

आबांनी हात पुढं केला. अमृतनं चपला हातात दिल्या नाहीत. खाली वाकून त्यानं त्या त्यांच्या पायांपुढं ठेवल्या.