नमुना घरातला पाच फुटी पलंग

मित्रांनो, मी एक जुना पलंग आहे. माझी लांबी पाच फूट. हे मी पहिल्याच दमात सांगून टाकतो, कारण एके काळी मी ते तीन महिने लपवलं होतं आणि त्यातूनच सगळं रामायण घडलं.

आमचं शहर लहान. मोठ्या शहराकडे जाणाऱ्या गाड्या इथे पाय मोकळे करायला थांबायच्या, एवढीच त्याची ओळख. मग रस्ता रुंद झाला, दोन कारखाने आले, मोठा दवाखाना आला, आणि बघता बघता माणसं वाढली. घरं मात्र होती तेवढीच. एकेका खोलीत पाच पाच जण राहू लागले. तेव्हा गावाबाहेरच्या माळावर एका मालकाने फलक लावला : ‘परवडणारी प्रशस्त घरं’. इमारतीचे नुसते खांब उभे होते, पण लोकांना दाखवायला एक नमुना घर तयार केलं. त्या घरासाठी माझा जन्म झाला.

मला घडवणारा सुतार हाताचा पक्का होता. माप ऐकून तो थबकला.

“मालक, या घरात राहणारी माणसं केवढी आहेत?”

“इथे कोणी राहणार नाही. इथे फक्त बघायचं.”

“मग बाहुल्यांचं घर म्हणा की,” सुतार पुटपुटला आणि करवत चालवू लागला.

मी एकटाच आखूड नव्हतो. समोरचं कपाट जेमतेम नऊ इंच खोल होतं. त्यात शर्ट अडकवायचा तर तो आधी कापावा लागला असता. खोल्यांना दारंच नव्हती, कारण दार म्हटलं की ते उघडायला जागा लागते. पण माझ्यावर निळी चादर अंथरली, दोन गुबगुबीत उशा ठेवल्या, आणि मी असा काही दिसू लागलो की काय सांगू!

लोक रांगा लावून यायचे. घर दाखवणाऱ्या बाईंना सगळे साखरताई म्हणत. “बघा, पलंग ठेवूनसुद्धा केवढी जागा उरते!” असं त्या म्हणाल्या की बायका माझ्याकडे कौतुकाने बघायच्या. कौतुकाने माझी छाती फुगायची. खरं सांगतो मित्रांनो, फसवणूक होतेय हे मला कळत होतं. पण स्तुती कोणाला नको असते? मी गप्प राहिलो.

एका रविवारी सकाळी तिघं जण आले. एक बसचालक, साडेसहा फुटांना दोनच बोटं कमी. त्याची बायको दवाखान्यात सिस्टर होती आणि रात्रपाळी संपवून तशीच आली होती. तिसरी त्याची आत्या. तिनेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. ती शिवणकाम करायची. गळ्यातला टेप ती अंघोळीलाच काय तो काढत असावी. त्यांच्या घरमालकाने महिनाअखेर खोली सोडायला सांगितली होती. बसचालकाच्या खिशात अर्ज भरून तयार होता, फक्त सही बाकी होती.

साखरताई स्वयंपाकघर दाखवू लागल्या. सिस्टर मात्र माझ्यापाशी रेंगाळली. “मिनिटभर टेकते,” म्हणाली आणि टेकली. मग आडवी झाली. मग चक्क घोरू लागली. तीन महिन्यांत माझ्यावर कोणी झोपलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं!

थोड्या वेळाने आत्या तिला शोधत आत आली. सिस्टर काही उंच नव्हती, पण तिच्या पोटऱ्या माझ्या बाहेर लोंबकळत होत्या.

“अगं बाई, सूनबाई एका रात्रीत वाढली की काय?” आत्या म्हणाली. तिने गळ्यातला टेप काढला आणि मला लावला. पाच फूट! मग कपाटाला लावला. मग खोलीला. मनाशी काहीतरी पुटपुटत तिने पिशवीतून शिंप्याचा खडू काढला आणि सगळ्यांदेखत फरशीवर खऱ्या पलंगाची आणि खऱ्या कपाटाची रेघ ओढली. दोन रेघांमध्ये उरली वीतभर जागा.

“इथून चालून दाखव,” ती भाच्याला म्हणाली. तो बिचारा तारेवरच्या डोंबाऱ्यासारखा पावलापुढे पाऊल टाकत निघाला आणि धाडकन माझ्यावर कोसळला. सिस्टर दचकून उठली. “कुठला पेशंट पडला?” तिने विचारलं.

गलका ऐकून मालक आले. ते हसून म्हणाले, “मावशी, इतक्या स्वस्तात एवढंच येतं. नको असेल तर राहू द्या. बाहेर रांग आहे.”

बसचालकाचा चेहरा उतरला. “आत्या, जाऊ दे ना. महिनाअखेर कुठे जायचं आपण? मी तिरका झोपेन.”

“तू तिरका झोपलास तर ही काय खुंटीला टांगून घेईल?” आत्या म्हणाली. मग मालकांकडे वळली. “स्वस्त आहे ते कबूल, साहेब. आम्हाला महाल नको. स्वस्तातला कपडाही मी शिवते, पण त्यात माणूस मावतो.” आणि बाहेरच्या दारात जाऊन तिने हाक दिली, “रांगेतल्या मंडळींनो, आत या. चालून बघा!”

मंडळी आली. एक पोटावर प्रेम असलेले गृहस्थ पोट आत ओढून निघाले आणि मध्येच श्वास सोडून बसले. एक आजी म्हणाल्या, “पडले तर पडायलाही जागा नाही!” सगळे पोट धरून हसले. मग हसू थांबलं आणि एकेकाने आपापला अर्ज घडी करून खिशात ठेवला. त्या दिवशी एकही सही झाली नाही. पुढच्या रविवारीही नाही.

अखेर मालकांनी आत्याला आणि सही न करता परतलेल्या मंडळींना नमुना घरात बोलावलं. तिथे बांधकामावरचा गवंडी उभा होता. आत्याने इमारतीच्या नकाशावर बोट ठेवलं, “बाहेरची ही वाट साडेचार फूट रुंद कशाला? इथून वरात न्यायचीय? ही शिवण उसवा, दीड फूट खोलीत द्या.”

“भिंत सरकवायची? ते कसं जमेल?” मालक म्हणाले.

गवंडी हसला. “मालक, भिंत अजून आहेच कुठे? दोरी पलीकडे बांधायची.”

नवा नकाशा मंजूर व्हायला दोन महिने लागले. घर उभं राहीपर्यंत सिस्टरचं कुटुंब एका चुलतभावाच्या घरी दाटीवाटीने राहिलं, आणि बसचालक खरोखरच तिरका झोपला. पण वर्षभराने तिघं आपल्या घरात राहायला गेली. दार उघडतं, कपाट उघडतं आणि मधून माणूस सरळ चालतो.

माझं मात्र नशीब फिरलं. “या पलंगानेच घात केला!” म्हणून मालकांनी मला पत्र्याच्या शेडमध्ये टाकलं. माझ्यावर सिमेंटची पोती रचली. एक मांजर माझ्याखाली दोनदा व्याली, तेवढीच काय ती सोबत. माझा एक पाय हलू लागला. वाटलं, आता सरपण!

पण वस्ती वाढली, तशी कामाला जाणाऱ्या आयाही वाढल्या. साखरताईंनी मालकांची नोकरी सोडून तळमजल्यावर पाळणाघर काढलं. शेडमधून त्या मला घेऊन गेल्या, पाय ठोकून घेतला, रंग दिला. “तुझ्याकडून आणि माझ्याकडून खोटं बरंच बोलून झालं, आता जरा खऱ्या कामाला लागू,” असं त्या मला पुसताना म्हणाल्या. आता दुपारी माझ्यावर आडवी चार मुलं झोपतात. त्यांतली एक सिस्टरची मुलगी आहे. ती झोपेत लांबलचक पायांनी लाथा मारते. बापावर गेली आहे.

मित्रांनो, माझी फार मोठी मागणी नाही. ओल्या पायांनी माझ्यावर उड्या मारू नका. माझा पाय कुरकुरला तर कोणाला तरी सांगा, फेकायची घाई करू नका. आणि झोप आली नसली तरी डोळे मिटून जरा पडून राहत जा. पलंगाला रिकामं राहिलेलं आवडत नाही हो.